अमेरिकन फुटबॉल नावाचा बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रांमध्ये हा विषय निघाला की दर वेळी तेच तेच प्रश्न येतात आणि दर वेळी मी तीच टेप वाजवतो, शेवटी म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढू, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं वाचायला देता येईल. क्रम वगैरे फार लावलेला नाही, जसं आठवलं तसं लिहिलंय.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे ते हेल्मेट घालून धडका मारतात ते ना?

नाही हो. हा बँड आहे, तीन पोरांचा, इलिनॉय राज्यातल्या अर्बाना-शॅम्पेन या कॉलेजच्या गावातला. अगदी अल्पायुषी, १९९७ ला सुरू झाला, २००० पर्यंत संपला. मधल्या काळात एक तीन गाण्यांची छोटी ईपी (१९९८) आणि एक अल्बम (१९९९), बास, एवढंच. त्यांच्या गाण्यांत खेळाचा ख पण नाहीये. उलट इतकं हळवं, इतकं कोपऱ्यात बसून वाजवल्यासारखं म्युझिक आहे की नाव ऐकून आलेला माणूस चुकून दुसऱ्याच लग्नात शिरल्यासारखा बघत बसतो.

आणि हो, यूट्यूबवर नुसतं नाव टाकून शोधलंत तर मॅचचे हायलाइट्सच येणार, सोबत 'बँड' लिहा.

मग असलं नाव ठेवलं कशाला?

ड्रमर स्टीव्ह लॅमॉसच्या तेव्हाच्या मैत्रिणीला कुठेतरी एक पोस्टर दिसलं होतं, त्यावर अमेरिकन फुटबॉल म्हणजे जगातले सगळ्यात जास्त पैसे घेणारे खेळाडू अशा अर्थाचं काहीतरी होतं, त्यावरून हे नाव उचललं. यात खोल अर्थ शोधायला जाऊ नका, कॉलेजातल्या बँडची नावं अशीच पडतात. कँटीनमध्ये कोणीतरी काहीतरी म्हणतं, सगळे हसतात आणि पंधरा वर्षांनी लोक त्यावर निबंध लिहितात.

होते कोण कोण?

माईक किन्सेला गाणं आणि गिटार, स्टीव्ह होम्स गिटार, स्टीव्ह लॅमॉस ड्रम्स आणि ट्रम्पेट. बेस वाजवणारा वेगळा माणूसच नव्हता, अल्बमवर जो बेस ऐकू येतो तो किन्सेलानेच नंतर वाजवून चढवलाय.

यातलं त्यातल्या त्यात माहितीतलं नाव म्हणजे किन्सेला. हा आधी कॅप'न जॅझ या बँडचा ड्रमर होता. शिकागोच्या उपनगरातल्या शाळकरी पोरांचा तो बँड, गायला त्याचा मोठा भाऊ टिम, आणि सुरू झाला १९८९ ला, म्हणजे माईक तेव्हा बारा वर्षांचा! १९९५ ला त्यांचा एकुलता एक अल्बम आला आणि त्याच वर्षी बँड फुटला. ते म्युझिक म्हणजे पाच पोरं एकाच वेळी जिन्यावरून गडगडत खाली येतायत असं (मला आवडतं, पण घरी स्पीकरवर लावायची हिंमत नाही). त्यानंतर भावाच्याच जोन ऑफ आर्क या बँडमध्ये वाजवत होता. म्हणजे कॉलेजात आला तेव्हा हा पोरगा एका परीने सीनियर कलाकारच होता, फक्त कायम मागच्या बाजूला ड्रम्सवर बसलेला. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो पहिल्यांदा असा पुढे येऊन गिटार घेऊन गायला लागला, आणि ते अल्बमवर ऐकू येतं सुद्धा, आवाजात तो सराईतपणा नाहीये, कुठे कुठे सूर जरा इकडेतिकडे होतो, आणि मला विचाराल तर तेच बरं झालं.

कॉलेजचं गाव म्हणजे नक्की कसलं गाव?

अर्बाना आणि शॅम्पेन ही एकमेकांना चिकटलेली दोन गावं, मधोमध इलिनॉय विद्यापीठ. शिकागोच्या दक्षिणेला साधारण सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे-कोल्हापूर इतकं, फक्त वाटेत घाट नाही, नदी नाही, उसाची गुऱ्हाळं नाहीत, नुसता मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन, आणि जमीन अशी सपाट की पोळपाट बरा. माझी धाकटी बहीण तिकडे मास्टर्सला होती तेव्हा मी आठवडाभर राहून आलोय, मराठी पोरं तिथे कायम असतातच, गणपती बसतो, तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये मिसळ होते. पण मेमध्ये सेमिस्टर संपली की चार दिवसांत गाव ओस पडतं. रस्त्याच्या कडेला सोडून दिलेले सोफे, गाद्या, टेबल लॅम्प, आणि ज्या घरांतून कालपर्यंत धांगडधिंगा चालू होता त्यांच्या खिडक्या बंद.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण हा अल्बम कळायला ते ओस पडलेलं गाव डोळ्यासमोर असलं तर फार फरक पडतो. दर वर्षी उन्हाळ्यात निम्म्या ओळखी संपतात अशा ठिकाणी तो बनलाय.

बाकी गाव म्युझिकच्या बाबतीत कधीच मागासलेलं नव्हतं हं. आरईओ स्पीडवॅगन हा रॉक बँड १९६७ ला इथेच सुरू झाला, नव्वदच्या दशकात हम नावाचा बँड होता, पोस्टर चिल्ड्रन होते, ब्रेड होते (खायचा नाही, वेणीवाला). विद्यार्थी म्हणजे पैसा कमी आणि वेळ भरपूर, भाड्याची मोठी जुनी लाकडी घरं, घराला तळघर, तळघरात ड्रमसेट. आपल्याकडे फ्लॅटमध्ये ड्रम्स वाजवून बघा, सोसायटीचे सेक्रेटरी दहाव्या मिनिटाला दारात.

रेकॉर्ड काढली कोणी? एवढ्या छोट्या बँडला लेबल कसं मिळालं?

पॉलिविनाइल नावाच्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने. हे लेबल पण अगदी घरगुती, जवळच्याच डॅनव्हिल गावात मॅट लन्सफर्ड आणि डार्सी नाइट या दोघांनी आधी फॅनझिन काढायला सुरुवात केली, म्हणजे झेरॉक्स मारून वाटायचं मासिक, त्यातून रेकॉर्ड काढायचं सुचलं आणि मग ते शॅम्पेनला आले. तेव्हा लेबल मिळालं म्हणजे मुंबईच्या कंपनीने करार केला असलं काही डोळ्यासमोर आणू नका. ओळखीतल्याच लोकांनी ओळखीतल्याच लोकांची रेकॉर्ड काढली. आज पॉलिविनाइल हे चांगलं मोठं इंडी लेबल आहे आणि इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त बोलबाला झालेली त्यांची रेकॉर्ड बहुतेक हीच असावी, जी काढली तेव्हा बँडच शिल्लक राहणार नव्हता.

अल्बम कसा बनला?

चार दिवसांत. १९९९ ला, अर्बानातल्याच प्रायव्हेट स्टुडिओज नावाच्या स्टुडिओत, रेकॉर्डिंगला ब्रेंडन गॅम्बल. नऊ गाणी, चाळीस मिनिटांच्या आसपास. १४ सप्टेंबर १९९९ ला बाहेर पडला.

आता यातली गंमत बघा. कॉलेज संपत आलेलं, किन्सेला आणि होम्स शिकागोला परतणार हे दिसत होतं, पुढे बँड चालवायचा असा काही प्लॅन नाही. तर मग हा अल्बम म्हणजे काय, तर हॉस्टेल सोडायच्या आधी भिंतीवरची पोस्टरं काढून नीट गुंडाळून ठेवतात ना, तसं काम. आहेत ती गाणी एकदा रेकॉर्ड करून ठेवू, उगाच वाया नको जायला. कुठल्या कंपनीचा माणूस काचेपलीकडे उभा नाही, रेडिओवर लागलं पाहिजे म्हणून तीन मिनिटांत संपवायची घाई नाही, दोन गाण्यांत तर कोणी गातच नाही. 'स्टे होम' आठ मिनिटांचं आहे आणि त्यात शब्द येईपर्यंत तुमचा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो.

मला वाटतं लोकांना या अल्बमचं जे वेड लागतं ते याच्यासाठी, त्यात कोणाला इम्प्रेस करायची धडपडच नाहीये. ती पोरं पुढे जाऊन स्टार होऊ असं समजत असती तर हे असं वाजलंच नसतं.

ते म्युझिक वेगळं म्हणजे काय वेगळं? मला तर नुसतं टिंगटिंग वाटतं.

टिंगटिंगच आहे, तीच तर मजा आहे! साधारण रॉक बँडमध्ये एक गिटारवाला कॉर्ड्स झोडपत असतो आणि दुसरा वरून सोलो मारतो. इथे दोघेही एकेक तार सुटी छेडत राहतात, एकाची ओळ सहा मात्रांची तर दुसऱ्याची वेगळीच, दोन्ही एकमेकांत विणीसारख्या गुंतत जातात, आणि खाली लॅमॉसचे ड्रम्स जॅझच्या अंगाने हलके हलके. सम कुठे येते म्हणून बोटं मोजायला गेलात तर चुकाल. स्टीव्ह राइक नावाचे अमेरिकन संगीतकार आहेत, एकच छोटा तुकडा परत परत वाजवत त्यात हळूहळू बदल करत नेतात, हे लोक ते खूप ऐकायचे, आणि ते कळतं. आपल्याला खरं तर हे जड जाऊ नये, एकच बंदिश पाऊण तास ऐकायची सवय असलेली माणसं आपण.

मग ट्रम्पेट. 'द समर एंड्स' मध्ये ट्रम्पेट येतो तेव्हा तो लग्नाच्या बँडातला नाही, कोणीतरी दोन गल्ल्या पलीकडे खिडकीत बसून वाजवतंय असा येतो. रॉक बँडमध्ये तेव्हा फार कोणी असं करत नव्हतं.

आणि पहिलं गाणं, 'नेव्हर मेंट', ते सुरू व्हायच्या आधी काही सेकंद स्टुडिओतली खुडबुड ऐकू येते. कापून टाकता आली असती. नाही कापली. हेडफोन लावून ऐकलंत तर वाटतं आपण पण त्या खोलीत कोपऱ्यात खुर्ची ओढून बसलोय. मग ती गिटार येते आणि, जाऊ दे, ऐकाच.

शब्द काय आहेत गाण्यांचे?

शब्द इथे देणार नाही, पण विषय सांगतो: नातं संपतंय, गाव सोडायचंय, बोलायला हवं होतं ते बोललो नाही, आता बोलून उपयोग नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या डायरीत असतं तेच. गाण्यांची नावं मात्र लांबच्या लांब, एकाचं नाव तर साधारण 'आपण दोघं इतके भावुक नसू तेव्हा भेटू' असं आहे. हसू येतं, पण बावीसाव्या वर्षी आपण यापेक्षा येडचाप मेसेज टाइप केलेत, खोटं कशाला बोला.

बँड फुटला का? भांडणं झाली?

काहीच झालं नाही. हे सांगितलं की लोक हिरमुसतात. पैशावरून नाही, मुलीवरून नाही, कोणी कोणाला गिटार फेकून मारली नाही. कॉलेज संपलं. लॅमॉस पुढे शिकत राहिला, बाकीचे शिकागोला गेले, दोन-सव्वादोन तासांचं अंतर पडलं, प्रॅक्टिस होईना. अल्बम दुकानात आला तोवर बँड म्हणून फार काही उरलं नव्हतं आणि २००० मध्ये विषय संपला. आपल्या फिरोदिया करंडकाच्या टीमा नाही का, शेवटच्या वर्षी जीव तोडून एकांकिका बसवतात आणि जूनमध्ये एक पुण्यात, एक बंगळुरात, एक जर्मनीत. फुटली असं कोणी म्हणत नाही, सगळे आपापल्या नोकरीला लागले म्हणतात. हे पण तसंच.

मग ते सगळे करत काय होते?

किन्सेलाने ओवेन नावाने एकट्याने गाणी करायला घेतली, पहिला अल्बम २००१ ला, तेव्हापासून सातत्याने करतोय (ज्यांना अमेरिकन फुटबॉल आवडतं त्यांनी हे नक्की ऐका, तोच माणूस वयाने वाढताना ऐकू येतो). लॅमॉस प्रोफेसर झाला, कोलोराडोत बोल्डरच्या विद्यापीठात लेखन शिकवतो. होम्स साध्या नोकरी-संसाराला लागला.

लॅमॉसच्या वर्गात बसलेल्या पोरांचा मी कायम विचार करतो. समोर सर निबंधाचा मसुदा कसा सुधारायचा ते सांगतायत आणि मागच्या बाकावरच्या पोराच्या कानात सरांचाच ट्रम्पेट वाजतोय.

फुटलेला बँड एवढा प्रसिद्ध कसा काय झाला?

हा खरा प्रश्न. १९९९ ला कॉलेज रेडिओवर बऱ्यापैकी वाजला, ज्यांनी ऐकला त्यांना आवडला, आणि मग शांतता. पुढची दहा-बारा वर्षं हा अल्बम माणसाकडून माणसाकडे फिरत राहिला, सीडी राइट करून, एमपीथ्री पाठवून, मग यूट्यूबवर. ऐकणारी पिढी बदलली, नव्या पोरांनी तसेच सूर लावून तसेच बँड काढले, त्या सगळ्याला मिडवेस्ट इमो (म्हणजे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं हळवं रॉक) असं नाव पडलं आणि या प्रकाराचा दाखला द्यायचा झाला की प्रत्येक जण याच अल्बमकडे बोट दाखवायला लागला. त्यात परत मीम. कुठल्या तरी सिनेमातला रडका डायलॉग घ्यायचा आणि तो संपता संपता खाली अशी टिंगटिंग गिटार सुरू करायची, हे रील तुम्ही शंभर टक्के बघितलंय, फक्त ते कुठून आलं ते माहीत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगतो जी मला फार आवडते. वेबचा पहिला खऱ्या अर्थाने लोकप्रिय झालेला ब्राउझर, मोझेक, तो १९९३ ला याच विद्यापीठात बनला. आणि यूट्यूब काढणाऱ्या तिघांपैकी दोघं, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम, नव्वदच्या शेवटाला इथेच शिकत होते, दोघंही डिग्री पुरी व्हायच्या आधी पेपॅलच्या नोकरीला कॅलिफोर्नियात गेले. म्हणजे एका गल्लीत तिघं जण गिटारी लावत बसलेले आणि त्याच सुमारास त्याच कॅम्पसवर ती पोरं वावरत होती ज्यांच्या साइटवरून हे म्युझिक पुढे माझ्यासारख्या कोथरूडच्या पोरापर्यंत येणार होतं. एकमेकांना ओळखत होते असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण एकाच रांगेत कॉफी घेतली असेल की नाही, सांगा.

माझ्यापर्यंत पण तसंच आलं. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, रात्री दोनला सबमिशनच्या फाइली लिहीत होतो, ऑटोप्ले चालू, आणि मध्येच ते घराचं चित्र असलेला व्हिडिओ लागला. हात थांबला. रूममेट म्हणाला हे काय रे, ट्यूनिंग करतायत का अजून?

ते घर कुठलं? सगळीकडे एका घराचा फोटो असतो.

अल्बमचं कव्हर. क्रिस स्ट्राँग नावाच्या फोटोग्राफरने काढलेला फोटो, रात्रीची वेळ, खालून वर बघतोय असा अँगल, पांढरट लाकडी घराचं टोक, वरच्या मजल्यावर एकच खिडकी उजळलेली, आकाश हिरवट. बस, माणूस नाही, बँडचा फोटो नाही. घर अर्बानात वेस्ट हाय स्ट्रीटवर आहे आणि तिथे बँडवाले राहत नव्हते, ओळखीतले लोक राहायचे. आजूबाजूला अशी शंभर घरं आहेत.

पण या फोटोमुळे त्याचं पंढरपूर झालं. लोक लांबून लांबून येतात, समोर उभं राहून तोच अँगल साधून फोटो काढतात. २०१४ ला 'नेव्हर मेंट' चा व्हिडिओ केला (गाण्याला पंधरा वर्षं झाल्यावर व्हिडिओ!) तो पण याच घरात शूट केलाय. पुढे ते घर पाडलं जाईल अशी भीती निर्माण झाली तेव्हा २०२३ मध्ये बँड, पॉलिविनाइल, क्रिस स्ट्राँग, फोटोग्राफर अतिबा जेफरसन आणि शिकागोची एक संस्था यांनी मिळून चक्क विकतच घेतलं. कॉलेजच्या भाड्याच्या घरांत इतकी वर्षं किती पोरं राहून गेली असतील, त्यातलं एक असं कायमचं वाचलं.

मी गेलो होतो बहिणीबरोबर. ऑक्टोबर होता, संध्याकाळ, पानगळ सुरू. फूटपाथवर उभे राहिलो, शेजारच्या घरासमोर कचऱ्याचे डबे बाहेर काढलेले, कोणीतरी सायकल लावून आत गेलं, एक कुत्रं भुंकलं. बहीण म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, हो. मग तीच म्हणाली की जरा खाली वाक, फोटोत वरची खिडकी येत नाहीये. जाणार असाल तर लांबूनच बघा, बेल वाजवू नका, आजूबाजूला अभ्यास करणारी पोरं राहतात.

परत कधी एकत्र आले?

२०१४ ला. झालं असं की जुन्या कॅसेटींचा साठा निघाला, प्रॅक्टिसची रेकॉर्डिंगं, शॅम्पेनच्या ब्लाइंड पिग नावाच्या ठिकाणचं १९९७ चं लाइव्ह वगैरे, ते सगळं घालून पॉलिविनाइलने अल्बमची नवी मोठी आवृत्ती जाहीर केली आणि लेबलची वेबसाइट झोपली, इतके लोक एकदम आले. त्यावरून या तिघांना कळलं की आपल्यामागे काय होऊन बसलंय. मग गावच्याच पिग्मॅलियन फेस्टिवलला वाजवायचं ठरलं, आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या वेबस्टर हॉलला, तिथे एका शोचे तीन शो करावे लागले. विचार करा, १९९९ ला ज्यांना मोजके लोक ऐकायला यायचे त्यांच्यासमोर आता हॉलभर माणसं शब्दन् शब्द पाठ करून आलेली, त्यातली कितीतरी अल्बम आला तेव्हा बालवाडीत असतील.

या वेळी बेसला माणूस मिळाला, किन्सेलाचा चुलत भाऊ नेट किन्सेला. घरातलाच.

म्हणजे अजून चालू आहेत? मग अल्पायुषी कसले?

पहिली खेळी अल्पायुषी. त्यानंतर २०१६ ला दुसरा अल्बम, २०१९ ला तिसरा. मध्ये २०२१ ला लॅमॉस बाहेर पडला, २०२३ ला परत आला. २०२४ ला पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षं झाली म्हणून परत एक आवृत्ती आणि सोबत इतर कलाकारांनी तीच नऊ गाणी आपापल्या पद्धतीने गायलेला एक अल्बम, त्यात आयर्न अँड वाइनने 'नेव्हर मेंट' केलंय आणि इथेल केनने 'फॉर शुअर'. इथेल केनचं ऐकाच, फार संथ आणि अंधारं केलंय.

सगळ्या अल्बमचं नाव मात्र एकच, अमेरिकन फुटबॉल. लोक एलपी वन, एलपी टू, एलपी थ्री म्हणून ओळखतात. दुसऱ्याचं कव्हर त्याच घराच्या आतून काढलंय, तिसऱ्याला घर सोडून बाहेर मोकळ्या धुकट रानात आलेत, तो फोटो अतिबा जेफरसनचा.

नंतरचे अल्बम कसे आहेत?

दुसरा मला ठीकठाक वाटतो. चांगला वाजवलाय, पण चाळिशीला आलेले लोक जुन्या वह्या उघडून बसल्यासारखं. तिसरा मात्र खरंच सुंदर आहे, व्हायब्राफोन आहे, मुलांचा कोरस आहे, पाहुण्या गायिका आहेत (पॅरामोरची हेली विल्यम्स, स्लोडाइव्हची रेचेल गॉस्वेल, लँड ऑफ टॉकची एलिझाबेथ पॉवेल), आणि विषय पण पोरांचे नाहीत, बापांचे आहेत. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे, चहा तुमचा.

हे इमो आहे का? इमो म्हणजे ते काजळ घातलेले, डोळ्यावर केस आलेले ना?

ते नंतरचं, २००५ च्या आसपासचं, टीव्हीवरचं. इमो हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे, ऐंशीच्या दशकात वॉशिंग्टनच्या हार्डकोर (म्हणजे वेगवान, आक्रमक पंक) बँडांपासून. नव्वदमध्ये तो मध्य-पश्चिमेकडच्या कॉलेजांत आला तेव्हा मऊ झाला. यांचे जुने फोटो बघा, साधे टीशर्ट, चष्मे, कटिंग केलेले केस. कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या झेरॉक्सच्या रांगेत खपतील.

कुठून ऐकायला सुरुवात करू?

पहिला अल्बम, पहिल्या गाण्यापासून, एका बैठकीत. शफल करू नका प्लीज. रात्री किंवा पावसाळ्यात. एसटीत खिडकीशी बसून पण मस्त लागतो, फक्त ड्रायव्हरने स्वतःची गाणी लावली नसतील तर.

गिटारवर वाजवायचंय, कॉर्ड्स कुठले?

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बसणारच नाही, आधीच सांगतो, मी सहा महिने वाया घालवलेत. 'नेव्हर मेंट' साठी तारा अशा लावायच्या, जाड तारेपासून: एफ, ए, सी, जी, सी, ई. म्हणजे सगळ्यात जाड तार अर्धा सूर वर, ए तशीच, डी एक पूर्ण सूर खाली, जी तशीच, बी अर्धा सूर वर, शेवटची तशीच.

पेटीवाल्यांसाठी सोपं करून सांगतो. एफ ला सा धरा. मग त्या सहा तारा होतात सा, ग, प, रे, प, नि. सगळे शुद्ध. बोट कुठेही न ठेवता नुसता हात फिरवलात तरी तो आवाज येतो, त्यात नि वर लटकून राहतो आणि सा ला जात नाही, म्हणून ते सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं. तानपुऱ्यासारखं सुट्या तारांचं गुंजन चालू ठेवून वर दोन बोटांनी काम करायचं, निम्मं गाणं तर तारांनीच वाजवून ठेवलेलं असतं.

एक सावधगिरी. हॉस्टेलवर माझ्याकडे सेकंडहँड, स्वस्तातली गिटार होती, तारा बहुतेक आधीच्या मालकाच्याच. रात्री हे ट्यूनिंग लावायला बसलो, पाच तारा जमल्या, बी ची सी करताना खुंटी जरा जास्त पिळली आणि तार तटकन तुटून मनगटावर बसली, बारीक लाल वळ आठवडाभर होता. तेव्हा नवीन तारा टाका, तोंड लांब ठेवा, आणि हळूहळू चढवा. परत नेहमीच्या सुरात आणताना आधी चढवलेल्या दोन तारा उतरवा, मग डी वर घ्या.